बरडातलं भांडं

आमच्या शाळेतले सायन्सचे सर रागावले की बोलत नसत, चिठ्ठी पाठवत. मी मोहाडीला मराठीची बाई म्हणून रुजू झाले त्याच्या पहिल्याच महिन्यात त्यांची चिठ्ठी माझ्या टेबलावर येऊन पडली. स्नेहसंमेलनाच्या तालमीसाठी मी त्यांचा तास न विचारता घेतला होता. चिठ्ठीत निळ्या शाईत, रेघ मारल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं : 'तुमच्यावर राग आला आहे. दर तीन दिवसांनी तो निम्मा होतो. पंधरा दिवसांनी बत्तिसावा हिस्सा उरेल, तेव्हा बोलू. तोवर कामापुरतं.'

मी नागपूरची, नवी, नोकरी कच्ची. घाबरून हेडमास्तरांकडे गेले. त्यांनी चिठ्ठी वाचली, आपला खण उघडला आणि तसल्याच चिठ्ठ्यांचा गठ्ठा मला दाखवला.

"घाबरू नका बाई. माझ्यावरचा सध्या आठवा हिस्सा उरला आहे. मंगळवारी चहाला येतील."

आणि खरोखर मंगळवारी सर त्यांच्याकडे चहाला गेले. माझे पंधरा दिवस भरले त्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन बसले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "आता सांगा, काहून घेतला होता तास?" मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, 'बराबर आहे' म्हणाले आणि खिशातून दोन बोरं काढून मला दिली. त्या दिवसापासून आमचं जमलं.

उंच, वाळकुडे, खांद्यात थोडे वाकलेले. पांढरा शर्ट, त्याच्या खिशाला बाहेरून एक रिकामी प्लास्टिकची क्लिप लावलेली. ही क्लिप म्हणजे त्यांच्या आधीच्या आयुष्याची एकुलती एक खूण. मुंबईला अणुशक्तीच्या सरकारी कामात ते बारा वर्षं होते. तिथे प्रत्येकाच्या छातीवर फिल्मचा एक छोटा बिल्ला असे, अंगावर किती किरण पडले ते त्यावरून कळे. नोकरी सोडताना बिल्ला परत द्यावा लागला, क्लिप राहून गेली. रोज सकाळी शर्ट घातला की हात आपसूक तिकडेच जातो, म्हणत.

गावातले लोक सांगत, "सर बाँबच्या कारखान्यात होते." सर दर वेळी दुरुस्त करत. "बाँब नाही गा. कचरा. मी कचऱ्यापाशी होतो." लोकांना वाटे, ते झाडू मारत असतील. सर तेही नाकारत नसत.

मला त्यांनी एकदा समजावून सांगितलं होतं. अणुभट्टीतून जे जळून उरतं ते विझत नाही, आतल्या आत धगधगत राहतं. त्याला वास नाही, रंग नाही, हाताला चटकाही लागत नाही. त्यातलं काही चार दिवसांत निवतं, काहीला शेकडो वर्षं लागतात, काहीला हजारो. ते पुरावं तर पाण्याला लागेल, जाळावं तर धुरातून येईल. म्हणून ते कढत काचेत मुरवून, काच थंड करून, पोलादी डब्यात बंद करून ठेवायचं, याचे प्रयोग त्यांच्या खात्यात चालले होते. "साखरेच्या पाकात वेलची राहते, तसं," ते म्हणाले. "पाक घट्ट झाला का वेलची कुठंच जात नाही."

वडील वारले, शेती पाहायला कोणी नव्हतं, म्हणून ते मोहाडीपासून सायकलीने अर्ध्या तासावर असलेल्या आपल्या गावी परत आले. इथे आल्यावर त्यांचं लग्न जमेना. मुंबईला काहीतरी 'लागलं' असणार, म्हणून मुलींकडचे लोक चहा पिऊन निघून जात. दोन-तीनदा तसं झाल्यावर सरांनी तो विषय बंद केला. मला हे हेडमास्तरांच्या बायकोनं सांगितलं. सरांनी कधी काढलं नाही.

सगळ्या गोष्टींना ते तीन नियम लावत : कमी वेळ, जास्त अंतर, मधात आड. किरणांपासून वाचायचे हे नियम. पण शाळेत इन्स्पेक्टर आले तरी सर आम्हाला बजावत, "वेळ कमी, अंतर जास्त, मधात हेडमास्तर." वर्गाच्या खिडकीत मधमाश्यांचं पोळं लागलं तेव्हाही हेच. त्यांच्या एका लांबच्या मामीला ते याच पद्धतीने भेटत, बांबूच्या ताटीआडून.

आणि त्यांना 'फेकलं' हा शब्द चालत नसे. कोणी विद्यार्थी म्हणाला की सर, जुना सेल फेकून दिला, की ते विचारत, "फेकला म्हणजे कुठं ठेवला?" मुलगा गोंधळून सांगे, "उकिरड्यावर." "मंग असं सांग ना, उकिरड्यावर ठेवला. फेकलं म्हणजे काही नाहीसं होत नाही. दुसऱ्याच्या दारात ठेवलं एवढंच." त्यांच्या घरी केर म्हणून काही नव्हतंच. फुटक्या काचा एका मडक्यात, संपलेले सेल दुसऱ्यात, प्रत्येकावर चिठ्ठी. लोणच्याच्या बरणीवरही चिठ्ठी असे : 'पोळ्याआधी उघडू नये.'

अकरावीच्या वर्गात ते किरणोत्सर्ग शिकवायचे तेव्हा मी मुद्दाम मागच्या बाकावर जाऊन बसत असे. फोडलेले चिंचोके आणायचे. एक बाजू काळी, एक पांढरी. चाळीस मुलं एकदम टाकत. ज्याचं पांढरं वर आलं त्याचा चिंचोका 'निवला', तो बाजूला. उरलेल्यांनी परत टाकायचं. वीसच्या आसपास, मग दहा, मग पाच. "कोणाचा निवेल ते मले सांगता येत नाही. देवालेही येत नसंन. पण निम्मे निवतील, हे मी डोळे मिटून सांगतो." एकदा एका मुलीचा चिंचोका सात वेळा काळाच पडला. ती रडकुंडीला आली. सर तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "तुहं काही चुकून नाही राहिलं, बाई. कोणाचा तरी शेवटचा राहणारच." ती मुलगी पुढे नर्स झाली. मी मोहाडी सोडून नागपूरला परतल्यावर कितीतरी वर्षांनी एका दवाखान्यात भेटली, तेव्हा तिने सगळ्यात आधी हेच सांगितलं.

पण सरांची आठवण निघाली की मोहाडीतले लोक जे सांगतात ते बरडातल्या भांड्याचं. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

ऐंशीच्या पुढेमागे, मृगाच्या सुमाराला, बाजाराच्या दिवशी मी आणि सर शाळेचं सामान घ्यायला गेलो होतो. बाजाराच्या टोकाला एक कबाडी बसायचा. त्याच्यासमोर एक ठेंगणं, जाड भांडं होतं, बुडाला दोन्ही तळव्यांत मावेल एवढंच. तो छिन्नीने त्याचं झाकण उचकटत होता. कुलूप आधीच तुटून बाजूला पडलं होतं. सर चालता चालता थांबले. त्यांनी माझ्या दंडाला धरून मला मागे ओढलं. त्याआधी किंवा त्यानंतर त्यांनी मला कधी हात लावल्याचं आठवत नाही.

"भाऊ," ते कबाड्याला म्हणाले, "हात काढ. छिन्नी तिथंच ठेव आणि इकडं ये."

"काहून? शिसं आहे सर. मासोळीच्या जाळ्याच्या गोळ्या करासाठी पाहिजे लोकायले. बम वजन आहे."

"इकडं ये, मंग सांगतो."

त्यांचा आवाज इतका हळू होता की कबाडी उठून आला. भांड्यावर पिवळा रंग होता आणि त्यात तीन पात्यांचं एक चिन्ह, मधे ठिपका. खाली पुसट अक्षरं : इरिडियम. वैनगंगेच्या पलीकडे कुठेतरी मोठ्या लोखंडी नळांचं काम चाललं होतं. नळांचे सांधे आतून पक्के आहेत का ते पाहायला तिथे या भांड्यातल्या इरिडियमचे किरण वापरत असणार. काम संपलं, ठेकेदार निघून गेला, भांडं राहिलं. ठेकेदाराने ते फेकलं, म्हणजे आमच्या बाजारात ठेवलं.

सरांनी लांब बांबूने झाकण दाबलं, बांबूच्याच टोकाने तार गुंडाळली, आसपासची दुकानं वीस पावलं मागे सरकवली. मग फोटो स्टुडिओतून काळ्या कागदात गुंडाळलेली फिल्म आणली, तिच्यावर जाळ्याच्या दोन शिशाच्या गोळ्या चिकटवल्या आणि ती भांड्याजवळ ढकलून दिली. दुसऱ्या दिवशी फिल्म धुतली तेव्हा ती पूर्ण काळी आली होती, फक्त दोन गोल जागा स्वच्छ. शिशाच्या आड जेवढं होतं तेवढंच वाचलं होतं.

आता हे ठेवायचं कुठे? हेडमास्तर म्हणाले, शाळेत नको. तहसील कचेरीत अर्ज आवक झाला. पोलीस ठाण्यातला हवालदार म्हणाला, जप्तीच्या मालाच्या खोलीत ठेवू, आणि त्या खोलीला टेकून तोच दिवसभर बसायचा. सर नको म्हणाले. शेवटी ते स्वतःच्या शेतात न्यायचं ठरलं. धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे खाचरांच्या, वरच्या अंगाला त्यांची थोडी बरड जमीन होती, मुरमाड, उंच, पाणी न साचणारी. रेतीने भरलेल्या बंडीत मधोमध भांडं, पुढे बैल, मागे पंधरा हात लांब बांबू धरून सर, अशी वरात निघाली. बंडीवाल्याला ते सारखे बजावत होते, "घाई कर, पण धक्का नोको देऊ." बंडीवाला म्हणाला, "सर, दोनपैकी एक सांगा."

बरडात विहिरीला लावतात तशी सिमेंटची दोन गोल कडी रोवून त्यात रेती, रेतीत भांडं, वर विटा आणि फरशी, भोवती बोराटीचं कुंपण. आणि एका पत्र्यावर सरांनी स्वतः ते तीन पात्यांचं चिन्ह रंगवून लावलं. मुंबईला तार केली, पत्रं लिहिली. "याचं निम्मं व्हायले अडीच महिने लागतात," ते मला म्हणाले. "दोन वर्षं कोणी हात लावला नाही, तं आपसूक निवून जाईन. आपल्याले फक्त हात लावू द्याचा नाही. बस, एवढंच."

कबाड्याचे तळवे ते दर बाजाराला पाहत, लाली आली का, साल निघते का. त्याला बळेच भंडाऱ्याला नेऊन रक्त तपासून आणलं. काही निघालं नाही. पण सर हात पाहतात अशी बातमी पसरली आणि बाजारात लोक त्यांच्यापुढे तळवे पसरू लागले. एका बाईने विचारलं, "माह्या पोराले नोकरी कधी लागंन?" सर म्हणाले, "गणित सुधारलं का."

श्रावणाच्या पहिल्या सोमवारी मी सरांच्या गावी गेले होते. बरडाच्या बाजूला दहा-बारा बाया हातात तांबे घेऊन ये-जा करताना दिसल्या. सर बांधीतून चिखलासकट धावत सुटले. मीही मागे गेले. पाहते तर कुंपण एका बाजूने दूर केलेलं, फरशीवर फुलं, कुंकू, नारळाच्या शेंड्या आणि पाण्याची धार अजून वाहतेय. एक म्हातारी चिन्हाच्या पत्र्याला गंध लावत होती.

"हे काय करून राहिली व माय?" सरांना धाप लागली होती.

"बेलाचं पान आहे ना," म्हातारी म्हणाली. "तूच तं काढलं. तीन पानं, एक देठ. महादेव बसवला आणि आमाले सांगितलं पण नाही."

सरांनी पत्र्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. तिचं खरं होतं. जगभरच्या शहाण्या माणसांनी 'दूर राहा' म्हणून ठरवलेली ती खूण आमच्याकडे 'जवळ या' म्हणत होती. त्यात पाणी, म्हणजे सरांना ज्या गोष्टीची सगळ्यात धास्ती होती तीच.

त्या दिवशी सर पहिल्यांदा चिठ्ठी न लिहिता ओरडले. पत्रा उपटला. म्हणाले, "हे विष आहे. याच्यानं हात सडतात, रक्त नासते. कोणी इकडं फिरकू नोका." बाया तांबे तिथेच टाकून पळाल्या.

आणि मग उलटंच झालं. भीती बरडाच्या कुंपणाशी थांबली नाही. बरडाखालच्या त्यांच्या बांध्या विषारी झाल्या, बोडीतलं, म्हणजे शेततळ्यातलं, पाणी विषारी झालं, सर स्वतः तर मुंबईपासूनच होते. आठवड्यावर आलेल्या रोवणीला एकही बाई येईना. इतरांच्या बांध्या हिरव्या होत गेल्या आणि सरांच्या शेतात नुसता चिखल, बाजूला पऱ्हे, म्हणजे लावायची रोपं, दाटीने वाढून पिवळे पडायला लागलेले. सर रोज शाळेत येत, तास घेत. डबा मात्र उघडत नसत.

"मीच बोललो तसं," ते मला म्हणाले. "आधी पूजा, आता भेव. मधातलं सांगाले मले जमलं नाही, बाई. बारा वर्षं डब्यायपाशी काढले, माणसायपाशी कधी बसलो नाही."

मग एका संध्याकाळी ते त्या म्हातारीकडे गेले. ती एकटी राहायची, हिवाळ्यात वाळवून ठेवलेले तळ्यातले शिंगाडे श्रावणातल्या उपासांना सोलून विकायची. सर तिच्या ओट्यावर बसले, मी शेजारी. त्यांनी आधी माफी मागितली. मग सांगितलं की त्या भांड्यात काय आहे, ते कसं दिसत नाही, आणि रोज थोडं थोडं कसं कमी होत जातं. म्हातारी शिंगाडे सोलत ऐकत होती.

"म्हणजे रुसलेल्या माणसासारखं आहे," ती म्हणाली. "त्याले एकटं सोडून देलं का निवते."

"हो. तसंच."

"मंग जवळ कोणी जाऊ नये, एवढंच पाहाचं ना? अन् तुह्या बांधीत?"

सरांनी पिशवीतून दोन फिल्म काढल्या. एक बाजारातली, काळी. दुसरी त्यांनी तशाच काळ्या कागदात आणि वर प्लास्टिकमध्ये गुंडाळून एक दिवस-रात्र बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, ठेवली होती, ती धुतल्यावर काचेसारखी पारदर्शक आली होती. म्हातारीने काळी फिल्म उजेडाकडे धरली, खाली ठेवली. मग दुसरी डोळ्यांपुढे धरून सरांकडे पाहिलं.

"याच्यातून तं मले तुही दाढी मोजता येऊन राहिली," ती म्हणाली. "काही नाही याच्यात."

दुसऱ्या दिवसापासून ती शिंगाड्यांची टोपली घेऊन बरडाच्या वाटेवर, सरांनी आखून दिलेल्या अंतरावर, पळसाखाली बसू लागली. कोणी आलं की काठी वर करायची. फुलं घेऊन येणाऱ्यांना सांगायची, "महादेव नाही तो, घरी जा." घाबरून लांबून पळणाऱ्यांना हाक मारून बोलवायची आणि फिल्म दाखवायची. दोन्ही फिल्म तिने पदराला बांधून ठेवल्या होत्या.

रविवारी मी गेले तर ती एकटीच सरांच्या बांधीत उतरून पऱ्हे लावत होती. कंबर वाकलेलीच होती, तिला वेगळं वाकावं लागत नव्हतं. मी साडी खोचून उतरले. जन्मात कधी रोवणी केली नव्हती. माझी ओळ पाहून ती म्हणाली, "बाई, तुमचं धान नागपूरकडं चाललं." धुऱ्यावर उभ्या असलेल्या दोन बाया हसल्या. थोड्या वेळाने त्यातली एक आली, मग दुसरी. दुपारपर्यंत अकरा जणी झाल्या. सर पऱ्ह्यांच्या पेंड्या आणून टाकत होते. कोणाकडे बघत नव्हते. नाक मात्र सारखं बाहीला पुसत होते.

तीन दिवसांनी, शेवटची बांधी चालू असताना, मुंबईची जीप आली. दोन साहेब आणि एक टिकटिकणारं यंत्र. पत्र तीन टेबलांवरून फिरत आलं होतं, त्याबद्दल त्यांनी माफी मागितली. सर म्हणाले, "काही हरकत नाही. तुम्ही येईस्तोवर ते एकदा निम्मं होऊन गेलं." साहेबांनी बरडात मोजलं, कड्याबाहेर मोजलं, वाटेवर मोजलं, मग बूट काढून बांधीच्या धुऱ्यावरून चालत मोजलं. धुऱ्यावर यंत्र जवळपास गप्पच होतं. ते बायांना म्हणाले, "लावा खुशाल. इथं काही नाही." बाया थांबल्याच नव्हत्या.

भांडं त्यांच्या जाड पेटीत गेलं, पेटी जीपमध्ये. थोरल्या साहेबांनी सरांना बाजूला घेऊन विचारलं, परत येणार का, माणसं हवी आहेत. सर म्हणाले, "धान कापणीपर्यंत तं नाही." साहेबांना ते बहुधा नकार म्हणून कळलं नाही. त्यांनी पत्ता लिहून दिला.

जीप निघायच्या बेतात म्हातारी चिखलातून वर आली आणि दाराला हात लावून उभी राहिली.

"कुठं नेता त्याले?"

"मुंबईला, आजी. आमची खास जागा आहे. भिंती एवढ्या जाड."

"भिंती राहू द्या. तिथं त्याच्यापाशी बसते कोण?"

साहेब हसायला लागले, मग तिच्या तोंडाकडे पाहून थांबले. त्यांनी खरं उत्तर दिलं. "पाळ्या लावल्या आहेत, आजी. दिवसरात्र कोणीतरी असतं. एक उठला की दुसरा बसतो."

"सुट्टीच्या दिवशी?"

"सुट्टीच्या दिवशीसुद्धा."

म्हातारीने दारावरचा हात काढून घेतला.

"मंग न्या," ती म्हणाली.